वाढणार का घटणार? त्रैराशिकाची शाब्दिक उदाहरणं सोडवायच्या आधीचा प्रश्न

परवा संध्याकाळी शेजारचा सातवीतला पोरगा वही घेऊन माझ्याकडं आला. उदाहरण असं होतं की ८ माणसं हळदीचं एक रान ६ दिवसांत काढतात तर तेच रान १२ माणसं किती दिवसांत काढतील. त्याचं उत्तर आलं होतं ९ दिवस. १२ गुणिले ६ भागिले ८, गुणाकार बरोबर, भागाकार पण बरोबर, अक्षर मोत्यासारखं, आणि उत्तर चूक. मी एवढंच विचारलं, बाळा, माणसं वाढल्यावर काम लवकर उरकतंय का उशिरा? लगेच म्हणाला, लवकर की ओ काकू. मग ६ चे ९ कसे झाले? त्यावर तो वहीकडं बघत गप्प बसला.

त्याला गणित येत नाही असं मला अजिबात वाटत नाही. हिशेब त्याला चांगला येतोय, फक्त हिशेबाच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तीन आकडे देऊन चौथा काढायला लावणारी ही उदाहरणं म्हणजे त्रैराशिक. त्यात तीन आकडे दिसले की पोरं दोन गुणून तिसऱ्यानं भागून मोकळी होतात, आणि निम्म्या वेळा ते बरोबर पण येतं, त्यामुळं चूक कुठं होतीय हे कळायला वर्षं जातात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, आईबापांनी वाचलं तरी चालेल आणि पोरांनी वाचलं तर फारच चांगलं.

माझे वडील सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे सगळे तोंडपाठ, कॅल्क्युलेटर पेढीवर आला तरी ते आधी तोंडी करायचे आणि मग मशीनवर पडताळून बघायचे. मला शिकवताना पेन हातात घेऊ द्यायचे नाहीत. आधी सांग, उत्तर वाढणार का घटणार? हे सांगितल्याशिवाय पुढं जायचंच नाही. तेव्हा मला त्याचा राग यायचा, आता मी पोरांना हेच विचारते.

आता सुरुवातीपासून बघू. दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात, एक दुप्पट झाली की दुसरीपण दुप्पट, एक तिप्पट झाली की दुसरी तिप्पट, एक निम्मी तर दुसरी निम्मी, याला समप्रमाण म्हणायचं, पुस्तकात पुढच्या इयत्तेत हेच समचलन नावानं येतं. साताऱ्याचे कंदी पेढे घ्या. समजा पाव किलो १३० रुपयांना आहेत, तर अर्धा किलो २६० ला आणि किलो ५२० ला. इथपर्यंत सगळ्यांनाच येतं. आता विचारलं ६०० ग्रॅमला किती, तर पोरं अडकतात. शाळेत एकमान पद्धत शिकवलेली असते, म्हणजे आधी एकाची किंमत काढा आणि मग हव्या तेवढ्याची. पद्धत चांगलीच आहे, पण पोरं एक म्हणजे एक ग्रॅम धरतात आणि १३० भागिले २५० करत बसतात, तिथं ०.५२ येतं, दशांश चिन्ह बघूनच निम्मी पोरं गळतात.

एकमान म्हणजे आकडा एकच पाहिजे असं कुठं आहे? आपल्याला सोयीचा तुकडा घ्यायचा. २५० आणि ६०० दोन्हीला ५० नं भाग जातो, मग ५० ग्रॅमला एक माप म्हणू. पाव किलोत अशी ५ मापं, १३० भागिले ५ म्हणजे एका मापाला २६ रुपये. ६०० ग्रॅममध्ये १२ मापं, १२ सव्वीस ३१२. झालं. दुकानदार तोंडी हिशेब सांगतो तेव्हा तो बहुतेक असाच करत असतो, पावशेरावरून छटाकावर (म्हणजे पावशेराच्या चौथ्या भागावर) आणि छटाकावरून पुढं अशी उतरत्या मापाची जुनी सवय आपल्याकडं होतीच.

दुसरा रस्ता पटीचा. आमच्या सांगलीकडं भडंग घरोघरी करतात, अर्धा किलो चुरमुऱ्याला मी २०० ग्रॅम शेंगदाणे घेते. लग्नघरात सव्वा किलो चुरमुऱ्याचं भडंग करायचंय, शेंगदाणे किती? इथं एका ग्रॅमचा विचार करायची गरजच नाही. ५०० चे १२५० झाले म्हणजे अडीचपट झालं, मग शेंगदाणे पण अडीचपट, २०० ची अडीचपट ५००, अर्धा किलो शेंगदाणे. लसूण, कडीपत्ता, तेल सगळं याच हिशेबानं वाढवायचं. (तिखट मीठ मात्र मी थोडं हात राखूनच घालते आणि चव बघून वाढवते, पण तो स्वयंपाकातला अनुभव झाला, परीक्षेत असं करू नका.)

कुठला रस्ता कधी घ्यायचा हे आकड्यांकडं बघून ठरतं. ७ किलो ज्वारी ९५ रुपये कमी पाचशेला मिळाली, म्हणजे ४०५ ला, तर २१ किलो कितीला? इथं एका किलोचा दर काढायला गेलात तर ५७ पूर्णांक काहीतरी येईल आणि पान भरेल. ७ चे २१ म्हणजे तिप्पट, ४०५ ची तिप्पट १२१५, दोन ओळीत उदाहरण संपलं. उलट ७ किलो ३९२ ला आणि १० किलो कितीला असं असेल तर पट वाकडीतिकडी येतीय, पण दर सरळ येतो, ५६ रुपये किलो, १० किलोचे ५६०. दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात, जो मोकळा दिसेल तो धरायचा.

आणि तिसरा तो तिरकस गुणाकार. क्लासमध्ये सगळ्यात आधी हाच शिकवतात आणि मला तेच पटत नाही. तो चुकीचा आहे म्हणून नाही, तो अगदी बरोबर आहे, पण तो का चालतो हे न सांगता हातात दिला की पोरं तो सगळीकडं फिरवत सुटतात. तो चालतो याचं कारण साधं आहे. १३० भागिले २५० म्हणजे एका ग्रॅमची किंमत. ६०० ग्रॅमची किंमत आपण क्ष धरली तर क्ष भागिले ६०० म्हणजे पण एका ग्रॅमचीच किंमत. दुकान तेच, पेढे तेच, भाव तोच, म्हणून दोन्ही अपूर्णांक सारखे. दोन्ही बाजूंना २५० नं आणि ६०० नं गुणलं की छेद निघून जातात आणि १३० गुणिले ६०० बरोबर क्ष गुणिले २५० उरतं. एवढंच त्या तिरक्या रेघांमागं आहे. म्हणजे भाव बदलत नाही हे पक्कं असेल तरच तिरक्या रेघा मारायच्या.

हा नियम काय आजचा नाही. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये त्रैराशिक सांगितलंय, आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत तर त्यावर उदाहरणांची रांगच आहे. तीन राशी दिलेल्या, चौथी काढायची, म्हणून त्रैराशिक. त्या तिघींची नावं मला फार आवडतात: प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण म्हणजे जे माहीत आहे ते, २५० ग्रॅम. फल म्हणजे त्याला काय मिळतंय ते, १३० रुपये. इच्छा म्हणजे मला किती पाहिजे ते, ६०० ग्रॅम. फल गुणिले इच्छा भागिले प्रमाण केलं की इच्छेचं फल मिळतं. पोरांना क्ष पेक्षा हे लवकर समजतं असा माझा अनुभव आहे, कारण तुझी इच्छा काय आहे असं विचारलं की ते उदाहरण परत वाचतात आणि काय काढायचंय ते बोट ठेवून दाखवतात. एक पक्कं लक्षात ठेवायचं, प्रमाण आणि इच्छा एकाच जातीची पाहिजेत. ग्रॅमखाली ग्रॅम, रुपयाखाली रुपये. एकीकडं ७५० ग्रॅम आणि दुसरीकडं ३ किलो असं तसंच मांडलं की उत्तर हजारपट इकडंतिकडं जातं, आणि ही चूक हुशार पोरांची पण होते.

बरं, आता वाढणार का घटणार हे समप्रमाणात पण कसं उपयोगी पडतं ते बघा. तासगावकडं द्राक्षाचा बेदाणा करतात, साधारण ४ किलो द्राक्षाचा १ किलो बेदाणा होतो. हळदीचं पण तसंच, ओली हळद शिजवून वाळवली की ५ किलोची साधारण १ किलो राहते. प्रश्न एक, १८ क्विंटल ओल्या हळदीची वाळलेली किती? उत्तर घटणार, कारण पाणी उडून जाणार, म्हणून ५ नं भागायचं, ३.६ क्विंटल, म्हणजे ३६० किलो. प्रश्न दोन, ७५० किलो बेदाणा पाहिजे तर द्राक्षं किती लागतील? उत्तर वाढणार, म्हणून ४ नं गुणायचं, ३००० किलो म्हणजे ३ टन. दोन्ही उदाहरणं एकाच जातीची असून एकात भागायचंय आणि एकात गुणायचंय, आणि परीक्षेत घाई झाली की पोरं नेमकी उलटी करतात, ७५० ला ४ नं भागून १८७.५ किलो लिहितात. १८७ किलो द्राक्षातून ७५० किलो बेदाणा कसा निघंल? हे त्यांना एकदा मोठ्यानं म्हणायला लावलं की हसतात आणि पुन्हा ती चूक करत नाहीत.

जमिनीची उदाहरणं पण अशीच, आणि आमच्याकडच्या पोरांना ती घरच्यासारखी वाटतात. एक एकर म्हणजे ४० गुंठे. समजा एकरी ५० टन ऊस निघतोय, तर २६ गुंठ्यात किती? गुंठ्याला ५० भागिले ४०, म्हणजे सव्वा टन. २६ ची सवाई साडेबत्तीस, तर ३२.५ टन. आता कारखान्याचा साखर उतारा १२ टक्के धरला, म्हणजे १०० किलो उसाला १२ किलो साखर, म्हणजे टनाला १२० किलो. मग ३२.५ टनाची ३९०० किलो साखर. इथं त्रैराशिक दोनदा झालं, पहिल्याचं उत्तर ते दुसऱ्याची इच्छा. टक्केवारी म्हणून पुस्तकात जो वेगळा धडा असतो तो पण शेवटी हाच आहे, फक्त प्रमाणाच्या जागी १०० ठेवलेत.

आता त्या पोराच्या उदाहरणाकडं परत येऊ. इथं माणसं वाढली की दिवस घटतात, माणसं दुप्पट केली की दिवस निम्मे. याला व्यस्त प्रमाण म्हणायचं. इच्छा वाढली की फल कमी होत असेल तर व्यस्त त्रैराशिक लावायचं हे भास्कराचार्यांनी पण स्पष्ट सांगितलंय, म्हणजे वाढणार का घटणार हा आमच्या वडिलांचा प्रश्न नऊशे वर्षांपूर्वी पण विचारत होते. व्यस्त प्रमाणात सूत्र पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट शोधायची, या सगळ्यात न बदलणारं काय आहे? समप्रमाणात भाव बदलत नव्हता. इथं काय बदलत नाही? रान तेवढंच आहे, म्हणजे काम तेवढंच आहे. आणि काम मोजायचं माप आपल्याकडं रोजच्या बोलण्यात आहे, हजेरी. एक माणूस एक दिवस राबला की एक हजेरी. ८ माणसं ६ दिवस म्हणजे ४८ हजेऱ्या. रानाला ४८ हजेऱ्या लागतात, कुणी पण किती पण माणसं आणा. १२ माणसं आली तर रोज १२ हजेऱ्या भरणार, ४८ भागिले १२, चार दिवस. १६ आली तर ३ दिवस. त्या पोराचे वडील शेती करतात, हजेरी म्हटल्यावर त्याचा चेहराच उजळला, म्हणाला हे तर पप्पा रोज वहीत लिहितात.

गाडीचं पण तसंच. सातारा ते पुणे साधारण ११० किलोमीटर, ताशी ५५ नं गेलो तर २ तास, ताशी ४४ नं गेलो तर अडीच तास. इथं रस्ता बदलत नाही. वेग गुणिले वेळ सारखाच राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याच्यावर पुस्तकात फार कमी वेळ देतात. काही उदाहरणं यातली कुठलीच नसतात. एक वाढलं की दुसरं वाढतंय म्हणून ते समप्रमाण आहे असं नाही, पटीत वाढलं पाहिजे. सांगलीकरांना पुराचं उदाहरण सांगायची गरज नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. समजा सकाळी ६ वाजता पाणी ३२ फुटावर आहे आणि दर दोन तासाला एक फूट चढतंय, तर दुपारी १२ ला किती? तीन आकडे दिसले, तिरका गुणाकार केला, ६ ला ३२ तर १२ ला ६४! २०१९ च्या महापुरात जेव्हा निम्मी सांगली पाण्यात गेली तेव्हा पण पाणी ५७ फुटाच्या आसपास होतं, मग नुसत्या ६ तासांत ६४ कसं होईल? बरोबर उत्तर आहे ३५ फूट. ६ तासांत ३ फूट चढलं, ते आधीच्या ३२ मध्ये मिळवायचं. चढलेलं पाणी वेळेच्या समप्रमाणात आहे, एकूण पातळी नाही, कारण मोजायला लागलो तेव्हा नदी कोरडी नव्हती.

म्हणून समप्रमाण ओळखायची एक खूण मी सांगते, शून्याला शून्य येतंय का बघा. शून्य पेढे घेतले तर शून्य रुपये, येतंय. शून्य तास झाले तर पाणी शून्य फूट? नाही, ३२ आहे. रिक्षाचं पण असंच, बसल्या बसल्या मीटरला ठराविक भाडं लागलेलं असतं, त्यामुळं दुप्पट अंतराला बरोबर दुप्पट भाडं होत नाही. आलेख काढला तर समप्रमाणाची रेघ सरळ असते आणि ती शून्यातून निघते, बाकीच्यांची रेघ सरळ असली तरी वरून कुठूनतरी सुरू होते.

आणि काही ठिकाणी तर एक वाढून दुसरं हलतच नाही. ५ क्विंटल शिजवलेली हळद खळ्यावर पसरली आणि १५ दिवसांत वाळली, तर १० क्विंटल किती दिवसांत वाळेल? जागा पुरेशी असेल आणि तशीच पातळ पसरली तर १५ च दिवस, ऊन काय हळकुंडं मोजत नाही. वयाची उदाहरणं पण बघा, भाऊ ६ वर्षांचा आणि ताई १२ ची, भाऊ १२ चा झाल्यावर ताई २४ ची होत नाही, १८ ची होते. असले दोनचार प्रश्न मी मुद्दाम मध्येच टाकते, म्हणजे पोरं आकडे बघण्याआधी वाक्य वाचायला लागतात.

पंचराशिकाला घाबरणारी पोरं पण बरीच आहेत, म्हणजे ज्यात पाच आकडे देतात ते. ६ माणसं ४ दिवसांत ३ एकर भांगलण (तण काढायचं काम) करतात, तर ८ माणसं ५ दिवसांत किती एकर करतील? एकदम सगळं मांडायला जाऊ नका. हजेऱ्या करा. ६ गुणिले ४, २४ हजेऱ्यात ३ एकर, म्हणजे एकराला ८ हजेऱ्या. ८ गुणिले ५, ४० हजेऱ्या, ४० भागिले ८, ५ एकर. माणसं आणि दिवस या दोन आकड्यांचा एक आकडा केला की पंचराशिकाचं परत त्रैराशिक होतं.

हे सगळं झाल्यावर परवा त्या पोराला जाता जाता मी एक शेवटचं घातलं. १० जनावरांना १३ दिवस पुरेल एवढी वैरण आहे, ४ दिवसांनी पाहुण्यांची ५ जनावरं पण आणून बांधली, तर उरलेली वैरण किती दिवस जाईल? त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, ९ दिवसांची उरलेली, खाणारी वाढली, म्हणजे दिवस घटणार, ९ पेक्षा कमीच आलं पाहिजे. मग एका जनावराला रोज एक भारा धरून बोटांवर मोजलं, १० जनावरं ९ दिवस म्हणजे ९० भारे, आता रोज १५ भारे लागणार. सहा दिवस काकू.